पाहुण्या पेशी

गेली एकतीस वर्षं मी एकच काम करते आहे. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी लाकडी पट्टी फिरवून जे काही निघतं ते काचेच्या स्लाइडवर पसरतात, रंगवतात आणि माझ्यापुढं आणून ठेवतात. मी ते मायक्रोस्कोपखाली बघते. एका स्लाइडवर हजारो पेशी असतात. त्यातल्या चार-सहा बिघडलेल्या असल्या तर त्या हुडकायच्या, शेजारी शाईचा ठिपका द्यायचा आणि स्लाइड डॉक्टरांकडे सरकवायची. बहुतेक वेळा काही निघत नाही. 'दोष आढळला नाही' हे वाक्य या जिल्ह्यात माझ्याइतक्या वेळा कुणी लिहिलं नसेल.

म्हणून आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्कॅनर आला तेव्हा माझं डोकं फिरलं. गोदरेजच्या कपाटाएवढं धूड. स्लाइड आत घातली की अख्ख्या स्लाइडचा फोटो काढून स्क्रीनवर दाखवणार. तो आणला होता डॉक्टर मृण्मयींनी. वय चौतीस, पुण्याला शिकलेल्या, बोलणं गोड आणि नियमाला मात्र कडक. त्यांनी चारशे बायकांच्या स्लाइडचा अभ्यास आखला. प्रत्येक स्लाइड मी आधी मायक्रोस्कोपखाली बघायची. सहा आठवड्यांनी तीच स्लाइड स्क्रीनवर बघायची, पण नंबर बदलून, म्हणजे मला जुनं आठवायला नको. बाईचा फॉर्मसुद्धा मला दाखवायचा नाही. नाव, वय, तक्रार, काही कळू द्यायचं नाही. मग दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायचं, कुठं जुळतात आणि कुठं नाही.

"म्हणजे मशीनची आणि माझी कुस्ती," मी म्हणाले.

"ताई, कुस्ती कसली? अजिंठ्याकडच्या गावांत स्लाइड बघणारं कुणी नाही. तिथून नुसता फोटो आला आणि इथं तुम्ही बघितला, तर बायकांच्या किती खेपा वाचतील."

त्यांचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला जास्त राग आला. ऑगस्टमध्ये मी निवृत्त होणार होते, आणि जाता जाता एखाद्या कपाटाकडून हरायची माझी तयारी नव्हती.

तो चोवीस सालचा उन्हाळा. शहर शेंद्र्याच्या दिशेनं वाढतच चाललं होतं, जिथं तिथं नव्या इमारती, आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. स्लाइड रंगवायच्या म्हणजे पाणी लागतं. रंगात बुडवायची, धुवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा धुवायची. खरं तर वाहत्या नळाखाली धुवायला हवी. आमच्या नळातून नुसती हवा येत होती. लॅबला रोज टँकरच्या पाण्याचे दोन ड्रम मिळायचे, आणि त्यावर आमच्या वच्छलाबाई रंगकाम उरकायच्या. मृण्मयींनी पहिल्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला होता : एक रॅक, म्हणजे वीस स्लाइड, धुऊन झाली की टबातलं पाणी ओतून द्यायचं आणि नवं घ्यायचं. कारण साधं आहे. नीट न चिकटलेल्या पेशी पाण्यात सुटतात. तेच पाणी दुसऱ्या रॅकला वापरलं, तर एकीच्या पेशी दुसरीच्या स्लाइडवर जाऊन बसतात. आम्ही लॅबवाले त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो.

सोळा एप्रिलला एकच ड्रम आला.

"म्याडम, एक रॅक झाली. दुसरीला पानी नाय पुरायचं," वच्छलाबाई म्हणाल्या. "उद्या काढू का?"

मुकुंदवाडीच्या तपासणी कॅम्पातल्या स्लाइड आधीच तुंबल्या होत्या आणि उद्या तरी पाणी येईल याची खात्री नव्हती. "काढा त्याच पाण्यात," मी म्हणाले.

"डाक्टरबाई वरडतीन."

"त्यांना सांगायला कोण चाललंय?"

वच्छलाबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि रॅक टबात सोडली.

तीन दिवसांनी दोनशे चौदा नंबरची स्लाइड माझ्या मायक्रोस्कोपखाली आली. स्वच्छ, निरोगी, चापूनचोपून बसलेल्या पेशी. आणि मध्येच एका कोपऱ्यात दहा-बारा पेशींचा पुंजका. केंद्रं काळीकुट्ट, वेडीवाकडी, पेशीत मावणार नाहीत एवढी फुगलेली. मी फोकसचा नॉब फिरवला तर खालच्या पेशी धूसर झाल्या आणि हा पुंजका स्पष्ट झाला. उलटा फिरवला, पुंजका धूसर आणि खालच्या पेशी स्पष्ट. म्हणजे तो त्यांच्यात नव्हता, त्यांच्यावर बसला होता. भाजलेल्या भाकरीवर वरून पीठ पडावं तसा. पाहुणा होता.

आता खरं सांगते. त्याच मिनिटाला उठून मृण्मयींना सांगायला हवं होतं. अभ्यासाच्या तक्त्यात पाहुण्यांसाठी चौकट नव्हती, पण तोंड होतं ना मला. मी दोनशे चौदाच्या रॅकमधल्या बाकीच्या एकोणीस स्लाइड पुन्हा बघितल्या. त्यांत काही निघालं नाही. मग मनाला म्हणाले, वॉर्डातल्या एखाद्या पेशंटच्या असतील. तिचा रोग माहीत आहे, उपचार चालू आहेत, कुणाचं काही बिघडत नाही. त्या दिवशी वॉर्डातल्या स्लाइड धुतल्या होत्या की नाही, हे रंगकामाच्या वहीत लिहिलेलं असतं. वही हाताच्या अंतरावर होती आणि मी ती उघडली नाही. आधीच्या रॅकच्या वीस स्लाइडही पुन्हा काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर कशासाठी काढल्या ते सांगावं लागलं असतं, आणि मग पाण्याचंही सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोनशे चौदासमोर मी 'दोष आढळला नाही' लिहिलं. ते खोटंही नव्हतं. त्या बाईत दोष नव्हताच.

मे महिन्यात सगळ्यांचे रिपोर्ट वाटले गेले.

जून उजाडला तेव्हा मी स्क्रीनपुढं बसले होते. पहिले दोन दिवस मानेला रग लागली आणि माउस बोटांना सोसवेना. तिसऱ्या दिवशी मात्र मला ते आवडायला लागलं. कुणाला सांगितलं नाही, पण लागलं. चित्र स्वच्छ, मोठं, डोळ्यांवर ताण नाही. फक्त एक गोष्ट नव्हती. नॉब नव्हता. आमच्या स्कॅनरनं एकाच पातळीवर फोटो घेतलेला, वर-खाली करून बघायची सोय नाही. जे आहे ते सगळं एकाच सपाटीवर.

एका दुपारी एक स्लाइड पुढं आली आणि मी ताठ बसले. दहा-बारा पेशींचा पुंजका, काळीकुट्ट केंद्रं. नंबर बदललेला होता, मला काही आठवलं नाही. मी 'गंभीर दोष, कर्करोगाची शंका' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, बघा, म्हातारीचे डोळे अजून शाबूत आहेत.

दोन दिवसांनी मृण्मयी जवळजवळ धावतच आल्या. "ताई, एक मोठा फरक निघालाय. मायक्रोस्कोपवर तुम्ही काही नाही म्हणालात आणि स्क्रीनवर थेट कॅन्सर पकडलात! मला माहीत आहे, तुम्हाला वाईट वाटेल. पण एका बाईचा जीव वाचला. बोलावून घेतलंय तिला. बाहेर बसलीय."

"नंबर?" मी विचारलं.

"जुना नंबर दोनशे चौदा."

मी उठून बाहेर गेले.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मुक्ताबाई, खुलताबादला सीताफळं-पेरू विकणारी, कामासाठी मुकुंदवाडीला भावाकडे आलेली असताना कॅम्पात तपासून घेतलेली. पदर तोंडाला लावून रडत होती. मला पांढऱ्या कोटात बघून उठलीच. "बाई, मला तं काईच व्हत नव्हतं. ना दुखनं, ना रगत जानं, ना काई. असं कसं वं झालं?"

मी आत येऊन माझ्या स्टुलावर बसले. गप्प बसले असते तर निभावलं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. मुक्ताबाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासला असता, तो चांगला निघाला असता, चार दिवस रडून ती पेरू विकायला गेली असती. मृण्मयींनी 'स्क्रीनवर चुकीचा इशारा' म्हणून नोंद केली असती आणि कपाट हरलं असतं. मी जिंकले असते! ऑगस्टमध्ये शाल, नारळ आणि दोन भाषणं.

पण मुक्ताबाईला काहीच होत नव्हतं. मग जिला होत होतं ती कुठं होती? त्या पेशी आकाशातून पडल्या नव्हत्या. त्या कुणाच्या तरी होत्या, आणि त्या कुणाला तरी मी सही करून 'दोष आढळला नाही' असा कागद पाठवला होता. मी अखेर वही उघडली. सोळा एप्रिल. वॉर्डातली एकही स्लाइड नाही. फक्त कॅम्प. पहिली रॅक एकशे एक्याऐंशी ते दोनशे, दुसरी दोनशे एक ते दोनशे वीस. पाणी एक.

मी मृण्मयींच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या हळूच म्हणाल्या, "वच्छलाबाईंनी पाणी बदललं नाही?"

कसला सोपा रस्ता दिला होता त्यांनी. दारातच वच्छलाबाई उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या मान खाली घालून दोष घ्यायला तयारसुद्धा झाल्या होत्या.

"त्या नाही म्हणाल्या होत्या," मी म्हणाले. "मी लावलं करायला. आणि पाहुण्या पेशी एप्रिलमध्येच ओळखल्या होत्या. तेव्हाही बोलले नाही."

"दोन महिने, ताई," मृण्मयी म्हणाल्या. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाहेर जाऊन मुक्ताबाईला पाणी दिलं, चूक आमची आहे आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासू असं सांगितलं, आणि येऊन स्क्रीन चालू केला. "पहिली रॅक काढा. मी इथं बघते, तुम्ही तिथं."

वीस स्लाइड. मी एकेक तीळभर सरकवत बघत होते. सतराव्या, अठराव्या स्लाइडपर्यंत काही नाही. मला वाटायला लागलं, नाहीच सापडणार, सगळ्याच्या सगळ्या पेशी सुटून गेल्या असणार आणि ती बाई आता कधीच सापडणार नाही. असली भीती मला माझ्या आईच्या आजारपणातसुद्धा वाटली नव्हती.

"एकशे त्र्याण्णव बघा," मृण्मयी स्क्रीनवरून म्हणाल्या. "मशीननं इथं 'अस्पष्ट' अशी खूण केलीय. रक्ताचा जाड थर दिसतो, आणि मध्ये काहीच नाही. टक्कल पडल्यासारखं."

ती मी आधीच बघून, काही नाही म्हणून बाजूला ठेवली होती. पुन्हा घेतली. जाड रक्त, आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी मोकळी जागा. कॅम्पात उन्हानं स्लाइड स्पिरिटात पडायच्या आधीच वाळली असणार, म्हणून पेशी नीट धरल्या नव्हत्या आणि पाण्यात सुटल्या. एप्रिलमध्ये मी ते रक्त पाळीचं समजून पुढं गेले होते. आता मोकळ्या जागेच्या काठाकाठानं गेले. रक्ताच्या थराखाली नॉब फिरवत उतरले. आणि तिथं चार पेशी होत्या, काठाला चिकटून राहिलेल्या. काळीकुट्ट केंद्रं. त्याच.

मृण्मयींनी डोळा लावला, नॉब दोनदा फिरवला आणि फॉर्म मागवला. सरूबाई, वय अडतीस, नवरा सांडू, गाव अजिंठ्याजवळ, हल्ली मुक्काम मुकुंदवाडी स्टेशनपलीकडं, बांधकामावरचे पत्र्याचे शेड. तक्रारीच्या रकान्यात कॅम्पातल्या सिस्टरनं लिहिलं होतं : पाळी नसताना रक्त जातं, चार महिने. नेहमीच्या कामात मी आधी फॉर्म वाचते. हा वाचला असता तर एकशे त्र्याण्णव माझ्या हातून सुटली नसती. पण अभ्यासात फॉर्म बघायचा नव्हता, आणि तो एकच नियम मी काटेकोर पाळला होता.

फॉर्मवरचा तिचा फोन बंद होता. तिथंच लिहिलेला तिच्या मुकादमाचाही बंद. मी आणि वच्छलाबाई रिक्षानं स्टेशनपलीकडं गेलो तर शेड नव्हतेच. सात मजली इमारत उभी होती, गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत होते. वॉचमन म्हणाला, "लेबर गया सब. किधर गया, मालूम नहीं."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. एवढ्या मोठ्या शहरात रोज नवी इमारत, रोज नवे शेड. कुठं शोधायची ही बाई? माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

वच्छलाबाई मुकुंदवाडीच्याच. त्यांना माझ्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. "उठा म्याडम. रडून पेशी वापस येनार हायेत का? मानूस कुटंबी जावो, पान्याला तं येतंयच ना. टँकरवाल्याला इचारू."

चौकात टँकर भरायच्या जागी तीन ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांतल्या एकाला इमारतीचं नाव सांगताच तो म्हणाला, "ते लोक? चिकलठाण्याच्या मागं गोडाऊनचं काम चालू हाय, तिथं गेले. मीच पानी टाकतो त्यांला, एक दिसाआड."

गोडाऊनच्या मागं पंधरा-वीस शेड होते. प्रत्येकापुढं निळे ड्रम. सरूबाई सावलीला विटांना टेकून बसली होती. चेहरा हळदीसारखा पिवळा, पायांवर सूज. वच्छलाबाईंनी कॅम्पाची ओळख दिली तशी ती हसली. मी म्हणाले, रिपोर्टबद्दल बोलायचं आहे. ती कशीबशी उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून कागद घेऊन आली. झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये बसवून आणलेला.

"लई जपून ठुलाय," ती म्हणाली. "अंगावर जानं काय थांबंना. आमचे मालक म्हनले, दुसऱ्या डाक्टरला दाखवू. गेलो बी. त्यानं ह्यो कागद बघितला अन् म्हनला, एवढ्या मोठ्या दवाखान्यानं काई नाय म्हनलंय, मंग काई नाय. ताकदीच्या गोळ्या देल्या. आता मालक इचारत्यात तवा मी ह्योच दाखिवते." मग तिनं कागद छातीशी धरला. "वापस न्यायला आलात का काय?"

"सरूबाई, तो कागद चुकीचा आहे."

"चुकीचा म्हंजी?"

"तुम्हाला आजार आहे. मोठा आहे. आजच हॉस्पिटलात यायला हवं."

तिनं कागद डोळ्यांपुढं धरला. वाचता येत नव्हतं, पण खालच्या शाईच्या रेघोट्यांवर तिनं बोट ठेवलं. "मंग ह्यावर सही कुनाची हाय?"

"माझी."

"म्हंजी तुमाला दिसलं नाय."

हो म्हणता आलं असतं. न दिसण्याला कुणी फाशी देत नाही. "दिसलं होतं," मी म्हणाले. "दुसऱ्या बाईच्या काचेवर दिसलं होतं. ते कुणाचं आहे हे मी शोधलं नाही."

तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं वच्छलाबाईंकडं बघितलं. वच्छलाबाईंनी मान हलवली.

"किती दिस झाले?"

"दोन महिने."

सरूबाईनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मग ड्रमची कड धरून उभी राहिली.

"मालक सहाला येत्यात. तवर बसा. त्यांला तुमीच सांगा. म्या सांगितलं तं म्हनतीन, कागद तं चांगला हाय."

मी बसले. तिनं आत जाऊन कागद पुन्हा पेटीत ठेवला. घरी आलेल्या माणसाला तसं बसवून ठेवत नाहीत, म्हणून वाकता येत नसताना वाकून तिनं ड्रमच्या तळातून अर्धा पेला पाणी काढलं आणि माझ्यापुढं धरलं. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. मला ते पिववेना आणि परतही करवेना. पेला हातात धरून मी सहा वाजायची वाट बघत राहिले.